मुलाला एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) आहे का, हे कोणत्या टेस्टने कळतं? आणि मोठ्यांचं काय?

रक्त तपासून किंवा एमआरआय काढून एडीएचडी कळत नाही. त्यामुळे सांगली-मिरजेत लॅब शोधत फिरू नका. बालरोगतज्ज्ञांना भेटा, तेच पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील.

निदान होतं ते मुख्यतः बोलून. डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात ते पुस्तक) नुसार लक्ष न लागण्याची ९ आणि अतिचंचलतेची ९ लक्षणं आहेत. त्यांपैकी एका गटातली किमान ६ लक्षणं सहा महिने टिकलेली, १२ वर्षांच्या आत सुरू झालेली आणि घर, शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसलेली हवीत. म्हणून बाईंनाही फॉर्म भरायला देतात. सोबत वह्या न्या; अर्धवट सोडलेली गणितं, मध्येच गळलेल्या ओळी बघून डॉक्टरांना बरंच कळतं. ‘मोबाईलवर तासभर गप्प बसतो की!’ हा पुरावा नव्हे, आवडीच्या गोष्टीत ही मुलं रमतातच. कान, डोळे, झोप, वाचन-लेखनातली अडचण हेही तपासून घ्या.

मोठ्यांना (१७ वर्षं आणि पुढे) ५ लक्षणं पुरतात, पण लहानपणीही त्रास होता याचा पुरावा लागतो. जुनी प्रगतिपुस्तकं शोधा, आईला सोबत न्या. थायरॉईड, चिंता, नैराश्य यांचाही विचार होतो. रील बघून स्वतःच शिक्का मारून घेऊ नका.