तरुण पिचरचा हात आणि त्याचा हिशेब : वाचकांची प्रश्नोत्तरे

अमेरिकन बेसबॉलमधील पिट्सबर्ग पायरेट्स संघाचा पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकणारा खेळाडू, पॉल स्केन्स याला वयाच्या २३ व्या वर्षी, २०२५ चा नॅशनल लीगचा साय यंग पुरस्कार एकमताने मिळाला. नॅशनल लीग हा मेजर लीग या तेथील सर्वोच्च स्पर्धेचा एक विभाग, आणि हा पुरस्कार त्यातील सर्वोत्तम पिचरचा. तेव्हापासून या सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांत त्याचे नाव आहे. त्यांतील पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

११ जुलै २०२४ रोजी मिलवॉकीच्या सामन्यात स्केन्सने सात इनिंग्जमध्ये एकही हिट (बॅटरला बेसवर पोहोचवणारा फटका) दिली नव्हती आणि ११ बॅटर स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले होते. तरीही ९९ चेंडूंनंतर त्याला बाहेर बोलावले. आपले वेगवान गोलंदाज कसोटीत दिवसाला वीस-वीस षटके टाकतात. मग हे फाजील लाड नव्हेत काय? – एक वाचक, पुणे

नव्हेत. चेंडूंची संख्या सारखी असली तरी दोन्ही खेळांत शरीरावर पडणारा भार सारखा नसतो. क्रिकेटचा गोलंदाज धावत येतो, हात जवळपास सरळ ठेवतो, आणि त्याच्या श्रमाचा मोठा वाटा पाठीचा खालचा भाग, गुडघा आणि घोटा सोसतात. जसप्रीत बुमराहला शस्त्रक्रिया करावी लागली ती पाठीवर. पिचर मात्र दहा इंच उंचीच्या माउंडवर, म्हणजे मातीच्या उंचवट्यावर, उभा राहून, धाव न घेता, साठ फूट सहा इंचांवरच्या होम प्लेटकडे, म्हणजे बॅटर उभा असतो त्या जागेकडे, चेंडू फेकतो. त्या क्षणी हात कोपरात वाकलेला असतो, मनगट मागे झुकलेले असते, आणि खांदा पुढे येऊ लागताच कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यावर, इतका ताण येतो, की सभोवतालच्या स्नायूंनी भार वाटून घेतला नाही तर ते लिगामेंट एकट्याने टिकणार नाही. स्नायू थकले की हा वाटा कमी होतो आणि उरलेला भार लिगामेंटवर जातो. शेवटच्या वीस चेंडूंची भीती पहिल्या वीस चेंडूंपेक्षा अधिक वाटते ती याच कारणाने.

त्यातच स्केन्सचा वेगवान चेंडू ताशी १०० मैलांच्या, म्हणजे १६१ किलोमीटरच्या आसपास जातो. मेजर लीगमधील वेगवान चेंडूंचा सरासरी वेग २००८ साली ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ मध्ये ९४.२ मैलांवर गेला. पिचरांच्या दुखापतींविषयी मेजर लीगने स्वतः करवून घेतलेला अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगाचा ध्यास आणि प्रत्येक चेंडूमागे सर्व शक्ती पणाला लावण्याची सवय ही दुखापतींची प्रमुख कारणे असावीत, असे त्यात नोंदवले आहे. पूर्वीचे पिचर काही शक्ती राखून टाकत आणि संकटात ती बाहेर काढत. आजच्या तरुणाला तशी मुभा नाही, कारण त्याची निवडच कमाल वेगावर झालेली असते.

तरीही चेंडू मोजले म्हणजे हात वाचलाच, असे मी म्हणणार नाही. स्टीफन स्ट्रासबर्ग हा पिचर २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्या वार्षिक निवडीत, पहिला निवडला गेला, जून २०१० मध्ये पदार्पणात त्याने १४ बॅटर स्ट्राइक आउट केले, आणि त्याच वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. २०१२ मध्ये त्याचा वॉशिंग्टन संघ प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या, वाटेवर असतानाही १५९ इनिंग्जनंतर त्याला थांबवण्यात आले आणि त्यावरून मोठा वाद झाला. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, तो सर्वोत्तम खेळाडू ठरला, त्याला सात वर्षांसाठी २४.५ कोटी डॉलरचा करार मिळाला. परंतु त्यानंतर तो केवळ आठ सामन्यांत सुरुवातीचा पिचर म्हणून उतरू शकला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला. काळजी घेऊनही असे घडते, हे मान्य करूनच काळजी घ्यावी लागते. मिलवॉकीच्या त्या सामन्यात संपूर्ण सामनाभर एकही हिट न देण्याचा स्केन्सचा विक्रम हुकला याची हळहळ मलाही वाटली. परंतु पदार्पणाला दोन महिने झालेल्या मुलाबाबतचा तो निर्णय योग्य होता, असे माझे मत आहे.

२०२५ मध्ये स्केन्सच्या नावावर १० विजय आणि १० पराभव होते. बरोबरीत राहिलेल्या पिचरला सर्वोच्च पुरस्कार कसा मिळतो? – एक वाचक, ठाणे

पिचरच्या नावे लागणारा विजय हा निम्मा त्याच्या संघातील बॅटरांचा असतो, आणि पायरेट्सची फलंदाजी त्या वर्षी फारच दुबळी होती. स्केन्सचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंग्जमागे त्याच्या खात्यावर मोजल्या जाणाऱ्या धावा, १.९७ होता आणि त्याने २१६ बॅटर स्ट्राइक आउट केले. मतदारांनी हे आकडे पाहिले, ते बरोबर केले.

ड्राफ्टमध्ये त्याला ९२ लाख डॉलर मिळाले असे वाचले, आणि दुसरीकडे त्याचा वार्षिक पगार लीगमधील किमान वेतनाच्या आसपास आहे असेही वाचले. यांतले खरे काय? – एक वाचक, नागपूर

दोन्ही खरे आहे, आणि तरुण पिचरच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा पेच येथेच आहे. जुलै २०२३ मध्ये पायरेट्सने त्याची पहिली निवड केली तेव्हा करारावर सही करताना मिळालेली ती एकरकमी रक्कम होती, आणि ड्राफ्टच्या इतिहासातील तोपर्यंतचा तो उच्चांक होता. मेजर लीगमध्ये आल्यावर मात्र खेळाडू सहा वर्षांच्या सेवेपर्यंत एकाच संघाशी बांधलेला असतो. पहिली सुमारे तीन वर्षे पगार संघच ठरवतो, आणि तो किमान वेतनापेक्षा फारसा अधिक नसतो. हे किमान वेतन २०२४ मध्ये ७ लाख ४० हजार डॉलर आणि २०२५ मध्ये ७ लाख ६० हजार डॉलर होते. पुढची तीन वर्षे पगार लवादाच्या आधाराने ठरतो. सहा वर्षे भरल्यावर तो फ्री एजंट होतो आणि खुल्या बाजारात उतरतो.

सेवेचे वर्ष दिवसांवर मोजले जाते, त्यामुळे खेळाडूला हंगामाच्या सुरुवातीस काही आठवडे मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या स्तरावरील स्पर्धेत, ठेवले की संघाला त्याचे एक वर्ष जास्तीचे मिळते. स्केन्सही २०२४ चा एप्रिल इंडियानापोलिसच्या मायनर लीग संघात होता आणि ११ मे रोजी शिकागो कब्जविरुद्ध त्याचे पदार्पण झाले. त्याची इनिंग्ज आवरून धरण्याचा हेतू त्यात नक्कीच होता. पण वर्ष वाचवण्याचा फायदाही संघाच्या नजरेबाहेर नव्हता, असे मला वाटते. पुढे तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरला, आणि लीग आणि खेळाडू संघटना यांच्यात २०२२ पासून लागू असलेल्या सामूहिक करारातील तरतुदीनुसार त्या सन्मानामुळे त्याला पूर्ण वर्षाची सेवा मिळाली. त्यामुळे पायरेट्सशी त्याचा नवा दीर्घ करार झाला नाही, तर तो २०२९ च्या हंगामानंतर मोकळा होईल. याच सामूहिक करारात पगाराच्या लवादापर्यंत न पोहोचलेल्या उत्तम खेळाडूंसाठी दरवर्षी पाच कोटी डॉलरचा निधी आहे, आणि २०२५ साठी त्यातून स्केन्सला सुमारे ३४ लाख डॉलर मिळाले.

हे पुरेसे आहे काय? सामान्य माणसाच्या दृष्टीने अर्थातच आहे. पण पिचरची सर्वांत वेगवान वर्षे बहुधा विशीतली असतात, आणि नेमकी तीच त्याच्या सर्वांत कमी पगाराची असतात. बॅटरला सहा वर्षे थांबणे परवडते; पिचरचे लिगामेंट तोवर टिकेल याची खात्री कोणी देत नाही. माझ्या मते पिचरांसाठी ही मुदत वेगळी आणि कमी असायला हवी. संघमालक ते सहजासहजी मानणार नाहीत, हे उघड आहे.

माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. तो मुलांच्या लिटल लीगच्या संघात आणि एका ट्रॅव्हल टीममध्ये (गावोगावी स्पर्धा खेळणाऱ्या संघात) पिचिंग करतो. दोन्ही प्रशिक्षक म्हणतात की ते चेंडू मोजतात, पण त्याचे कोपर आता अधूनमधून दुखते. त्याच्या मित्राचे वडील म्हणाले की कोपराच्या लिगामेंटवरील टॉमी जॉन शस्त्रक्रियेनंतर हात उलट अधिक वेगवान होतो. – एक वाचक, फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

पहिली गोष्ट, कोपर दुखत असताना त्याने एकही चेंडू टाकू नये. त्याला खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावे. या वयात हाडांची वाढीची टोके अजून कच्ची असतात आणि ओढले जाते ते बहुधा तेच टोक. वेळेवर विश्रांती मिळाली तर ते बहुतेक वेळा भरून येते, दुर्लक्ष झाले तर नुकसान पुढे सोबत येते.

दोन्ही प्रशिक्षक खरेच मोजत असतील, पण प्रत्येक जण आपलेच मोजतो. मुलाचा हात एकच आहे, म्हणून बेरीज आपण घरी ठेवावी. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शक नियमांत १३-१४ वर्षांच्या मुलासाठी एका दिवसाची मर्यादा ९५ चेंडूंची आहे. २० पर्यंत चेंडू टाकले तर विश्रांतीचा दिवस लागत नाही, २१ ते ३५ साठी एक दिवस, ३६ ते ५० साठी दोन, ५१ ते ६५ साठी तीन आणि ६६ किंवा त्याहून अधिक चेंडूंसाठी चार दिवस विश्रांती हवी. वर्षातून किमान चार महिने पिचिंग पूर्ण बंद असावे, आणि एकाच हंगामात दोन संघांकडून पिचिंग टाळावे, असेही हे नियम सांगतात. म्हणजे आपल्या मुलाला एक संघ सोडावा लागेल. प्रशिक्षक नाराज होतील, होऊ द्यावेत.

शस्त्रक्रियेबद्दल ऐकलेली गोष्ट चुकीची आहे. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये पिचर टॉमी जॉनच्या फाटलेल्या लिगामेंटच्या जागी त्याच्याच शरीरातील टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा बंध, बसवले. तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला; त्याच्या २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. पण हे यश हात पूर्ववत होण्याचे आहे, सुधारण्याचे नव्हे. कोणाचा वेग वाढलेला दिसला, तर त्यामागे वर्ष-दीड वर्षाचा शिस्तशीर व्यायाम असतो, आणि तो व्यायाम चिरफाडीशिवायही करता येतो.

स्केन्स हवाई दल अकादमीत असताना कॅचर, म्हणजे पिचरचे चेंडू झेलणारा, होता, उत्तम बॅटर होता आणि पिचिंगही करत होता. केवळ पिचर म्हणून तो २०२३ मध्ये, लुइझियाना स्टेट विद्यापीठात आल्यावर, उभा राहिला. एका उदाहरणावरून नियम काढू नये हे खरे. तरी तेराव्या वर्षी एकाच कामाला जुंपण्याची निकड नाही, एवढे त्यातून निश्चित दिसते.

माझा भाचा सतरा वर्षांचा असून उत्तम भालाफेक करतो. भालाफेकपटूंना अमेरिकेत पिचर केले होते ना? त्याने प्रयत्न करावा काय? – एक वाचक, कोल्हापूर

होय. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे भालाफेक करत. २००८ मध्ये भारतात झालेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ या वेगवान फेकीच्या स्पर्धेतून ते पुढे आले, आणि त्याच वर्षी त्यांच्याशी करार केला तो पायरेट्सनेच. पटेल २०१० मध्ये मुक्त झाला. रिंकू सिंग मायनर लीगच्या खालच्या स्तरांवर काही हंगाम खेळला, त्याच्याही कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, आणि नंतर तो ‘वीर महान’ या नावाने कुस्तीच्या रिंगणात उतरला.

त्यांच्याकडे जोर होता. विशीच्या उंबरठ्यावर ग्लोव्ह प्रथम हातात घेतलेल्या मुलाला कमी पडतात ती दहा-बारा वर्षांची सामन्यांची सवय: बेसवर धावपटू असताना टाकणे, तीच फेक शंभर वेळा त्याच जागी नेणे, बॅटरच्या पायांवरून त्याचा अंदाज घेणे. भाच्याला ओढ असेल तर त्याने जवळच्या सॉफ्टबॉल संघात सुरुवात करावी. महाराष्ट्रात शाळा-महाविद्यालयांतून हा खेळ बराच खेळला जातो आणि झेल, बेसवरची धाव, क्षेत्ररक्षण तेथे नीट शिकता येते. त्यातले पिचिंग हात खालून फिरवून होते, त्यामुळे ते या कामी येणार नाही. वरून फेकण्याचा सराव त्याला स्वतंत्रपणे, आठवड्यातून ठरावीक दिवसच आणि चेंडू मोजूनच करावा लागेल. भाल्याचा सराव त्याच दिवशी ठेवू नये. दोन्हींचा भार कोपराच्या त्याच जागी पडतो.