महामार्ग चौपदरी होताना वेगळी सायकल लेन कशी मागावी?

तुमचा प्रश्न असा आहे: गावावरून जाणारा राज्य महामार्ग चौपदरी होतोय, शाळा चार किलोमीटरवर आहे आणि तिच्यापुढे एमआयडीसी. मुलं आणि कामगार सायकलने जातात. त्यांच्यासाठी वेगळी लेन मागायची तर नेमकं काय मागायचं? आणि "आता सायकल चालवतं कोण?" म्हणणाऱ्या साहेबांना काय सांगायचं?

मी बारा वर्षं रस्त्याच्या कामांवर साइट इंजिनिअर होतो. नकाशात सायकल लेन दाखवली आहे एवढ्यावर समाधान मानू नका. ती कुठे कुठे तुटते ते आधी मोजा.

मराठवाड्यातल्या एका कामावर आमच्या नकाशात सायकलचा पट्टा होता. कागदावर छान दिसायचा. पण रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोऱ्या रुंद करायच्या म्हणजे काँक्रीट आलं, सळई आली, इस्टिमेट फुगलं. म्हणून प्रत्येक मोरीआधी पट्टा संपायचा आणि मोरी ओलांडली की पुन्हा सुरू व्हायचा. आखणी मीच केली होती. रस्ता सुरू झाल्यावर शाळेच्या मुली त्या पट्ट्यावर येईनात, सरळ ट्रकांच्या कडेने जायच्या. मला ती बेशिस्त वाटली. एका सकाळी थांबून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की पट्ट्यावरून जायचं तर त्यांना प्रत्येक मोरीपाशी, रस्ता जिथे सगळ्यात अरुंद तिथेच, मागून येणाऱ्या गाड्यांत शिरावं लागत होतं. एकदाच शिरून कडेने जात राहणं त्यातल्या त्यात बरं, हे त्यांना रोज जाऊन कळलं होतं. मला नकाशा काढून कळलं नव्हतं. त्या मुलींचे चेहरे मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून तुमची पहिली मागणी मोऱ्यांची असू द्या. प्रत्येक मोरी सायकल मार्गाच्या रुंदीसकट वाढवून घ्या किंवा सायकल मार्गाखाली स्वतंत्र ह्यूम पाइप (काँक्रीटचा मोठा नळ) टाकून घ्या. आता, इस्टिमेटमध्येच. रस्ता झाल्यावर "पुढच्या टप्प्यात करू" म्हणतात आणि तो टप्पा येत नाही.

दुसरी तुटण्याची जागा म्हणजे फाटे, पेट्रोल पंप, ढाबे, शेताच्या वाटा. तिथे आपल्याकडे सायकल मार्ग खाली उतरवतात आणि मोटारीला सपाट वाट देतात. हे उलट हवं. सायकल मार्ग त्याच उंचीवर सलग जावा आणि मोटारीने उंचवटा चढून तो ओलांडावा. आपोआप वेग कमी होतो. पुण्यात स्वारगेट ते कात्रज या जुन्या महामार्गावर 2006 साली बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, तेव्हा कडेला सायकल मार्गही आखले होते. मी त्यावरून अनेकदा सायकल नेली आहे. चढउतार, फाटकांचे रॅम्प, मध्येच विजेचा डीपी, मध्येच झाड, पुढे लावलेल्या गाड्या. अर्ध्या वाटेत माणूस मुख्य रस्त्यावर येतोच. सायकलवाल्याला शिस्त नाही असं म्हणणाऱ्याने तिथून एकदा जाऊन पाहावं.

आता रस्त्याच्या छेदाबद्दल, म्हणजे रुंदीत काय कुठे येतं त्याबद्दल. गाडीचा वेग ताशी 40 वरून 80 झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते. त्यामुळे शहरात चालणारा पांढरा पट्टा किंवा प्लॅस्टिकचे खांब महामार्गावर उपयोगाचे नाहीत. ट्रक जवळून गेला की वाऱ्याचा झोत सायकल आधी ढकलतो आणि मग ओढतो. दप्तर लटकवलेली तेरा वर्षांची मुलगी त्यात सहज पडते. रस्ता, साइडपट्टी, मग झाडं आणि गटार, आणि त्यापलीकडे सायकल मार्ग, असा क्रम मागा. जिथे रस्त्याच्या हद्दीतली जागा अपुरी असेल तिथे मध्ये लोखंडी क्रॅश बॅरियर हवाच.

तुमच्या रस्त्याला जुने वड, चिंचा, कडुलिंब असतील तर ही गोष्ट नीट वाचा. रुंदीकरण दोन्ही बाजूंना सारखं करायलाच हवं असं नसतं. सगळं वाढीव काम एकाच बाजूला घेता येतं. तसं केलं तर दुसऱ्या बाजूची झाडांची रांग वाचते आणि सायकल मार्ग तिच्या मागून जातो. शंभर वर्षांच्या वडासारखं कुंपण तुम्हाला दुसरं मिळणार नाही. रस्ता दक्षिणोत्तर असेल तर सायकल मार्गाच्या पश्चिमेला झाडं ठेवा, शाळा सुटते तेव्हाचं ऊन अडतं. हैदराबादला आउटर रिंग रोडलगत 2023 मध्ये 23 किलोमीटरचा सायकल मार्ग झाला, त्यावर सौर पॅनेलचं छप्पर आहे. आपल्याला तेवढा खर्च झेपणार नाही, पण उन्हात सायकल चालत नाही हे तिथल्या नियोजकांनी ओळखलं, एवढं घेण्यासारखं आहे.

रुंदी किती? हँडलच साठ-सत्तर सेंटिमीटरचं असतं आणि चालवणारा थोडा डुलतो, म्हणून एकाला एक मीटर धरा. मुली जोडीने जातात, दूधवाल्याचे कॅन बाहेर आलेले असतात, दिव्यांगांची तीनचाकीही येते. एकेरीला दोन मीटर आणि दुहेरीला तीन, याखाली उतरू नका. तुमच्याकडे मी दुहेरीच सुचवेन, शाळेच्या बाजूला. चौपदरी रस्त्यात दुभाजकाची मोकळीक लांब लांब असते. चार किलोमीटरवरच्या शाळेसाठी कोणी दोन किलोमीटर उलट जाऊन वळत नाही, माणसं उलट्या बाजूने येतातच. ते गृहीत धरूनच आखा. पलीकडच्या वस्तीसाठी ओलांडायची जागा शाळेसमोर आणि एमआयडीसीच्या फाटकासमोर हवी, उंच झेब्रा आणि दिव्यांसह.

पेव्हर ब्लॉक नको. दोन पावसाळ्यांत खचतात, सायकल खडखडते आणि लोक गुळगुळीत डांबराकडे जातात. डांबर किंवा काँक्रीट मागा. मोटारसायकली घुसतील का? घुसतील. सायकल जाईल एवढ्या फटीतून त्याही जातात आणि फट आणखी कमी केली तर तीनचाकी अडकते. मोटार आणि रिक्षा अडतील असे खांब लावा, बाकी काम गावाने करायचं.

आता साहेबांचा प्रश्न. सकाळी साडेसहाला पाळी बदलते तेव्हा, दहा ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा, असे तीन दिवस मोजा. वहीत वेळ, मुलगा-मुलगी, दिशा लिहा. जोडीला शाळेत विचारा की रस्त्याच्या भीतीने किती मुलींची सायकल बंद झाली. तो आकडा गणनेत कधीच येत नाही आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या 125 तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. तुमचा तालुका त्यात असेल तर वाटलेल्या सायकलींची यादीच निवेदनाला जोडा. सरकारने सायकल दिली आहे, तर ती चालवायला जागाही सरकारनेच द्यायची आहे.

माहितीच्या अधिकारात प्रकल्पाची वर्दळ गणना मागवा. तिच्या तक्त्यात सायकलचा वेगळा रकाना असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण महामार्गांच्या मार्गदर्शक सूचनांत, आयआरसी 64 मध्ये, एक सायकल अर्ध्या मोटारीइतकी धरली आहे. म्हणजे त्यांच्याच हिशेबाने सायकली रस्त्याची जागा घेतात आणि त्या बाजूला नेल्या की मोटारींची क्षमता वाढते. "मुलांचा जीव" ऐकून जे साहेब हलत नाहीत, ते हा तक्ता पाहून हललेले मी पाहिले आहेत. सायकल मार्गाच्या आखणीचीही संहिता आहे, आयआरसी 11, तिची 2015 ची आवृत्ती. निवेदनात तिचा क्रमांक लिहाच.

हे सगळं निविदा निघण्याआधी व्हायला हवं. ग्रामसभेचा ठराव करा, त्यात किलोमीटर दगडांचे क्रमांक आणि प्रत्येक मोरीची सध्याची रुंदी टाका. मोजायला टेप पुरेल. सोबत दोन मुली त्यांच्या सायकली घेऊन येऊ द्या, कुठे उतरावं लागतं ते त्या तुम्हाला न विचारता दाखवतील. मोजमापं झाली की इथे टाका, छेदाचं कच्चं चित्र मी काढून देतो.