'पाइप टॉमाहॉक'ला मराठीत काय म्हणावं?

एका वाचकाने विचारलंय, उत्तर अमेरिकेतल्या 'पाइप टॉमाहॉक'ला 'धूम्रपरशू' म्हटलं तर चालेल का?

मला तो शब्द पटत नाही. परशू म्हटलं की आपल्यापुढे परशुरामच उभा राहतो, आणि 'धूम्र'मधून तंबाखू ओढण्याची सोय कळत नाही.

आधी वस्तू पाहू. एका बाजूला कुऱ्हाडीचं पातं. पाठीमागे, जिथे आपल्या कुऱ्हाडीला तुंबा असतो, तिथे तंबाखू भरायची इवलीशी वाटी. दांडा आतून पोकळ, म्हणजे टोकाला तोंड लावून झुरका घ्यायचा. अठराव्या शतकात युरोपीय लोहार ही लोखंडी-पितळी पाती घडवत. ती व्यापारात विकली जात, तहाच्या बैठकीत नजर केली जात. मूळनिवासी मालक मग दांड्यावर साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांचं काम करत, मणी गुंफत, पितळी चुका ठोकत. त्यामुळे ती कोणी बनवली, या प्रश्नाला एकच उत्तर देता येत नाही.

भेटी उलट दिशेनेही जात. १८७९ साली अमेरिकेतल्या ओमाहा शहराच्या न्यायालयाने पोंका या मूळनिवासी जमातीचे प्रमुख स्टँडिंग बेअर यांच्या खटल्यात 'इंडियन'ही कायद्याने 'व्यक्ती' आहे असा निकाल दिला. स्टँडिंग बेअर यांनी आपली टॉमाहॉक कृतज्ञतेने आपले वकील जॉन ली वेबस्टर यांना दिली. पुढे ती हार्वर्डच्या पीबॉडी संग्रहालयात पोचली आणि २०२२ मध्ये पोंका लोकांकडे परतली. ही हकीकत मला फार मोलाची वाटते.

आता शब्द. 'टॉमाहॉक' मूळचा व्हर्जिनियातल्या पोव्हाटन लोकांचा, अर्थ साधारण 'तोडायचं हत्यार'. इंग्रज वसाहतकार जॉन स्मिथने तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला टिपला, आणि पुढे युरोपीय भट्टीतल्या लोखंडालाही तेच नाव मिळालं. त्या लोकांचं एवढं बोलणं या वस्तूत शिल्लक आहे, ते आपण भाषांतरात पुसू नये. 'टॉमाहॉक' तसाच ठेवावा.

'पाइप'ला मात्र 'चिलीम' घ्यावी. आपल्या चिलमीला लांब दांडा नसतो हे खरं, पण हुक्क्याला पाणी लागतं आणि नुसता 'पाइप' नळाचा वाटतो. अशा समासात मुख्य पद शेवटी येतं, म्हणून 'चिलीम-टॉमाहॉक'. कुऱ्हाड आणि चिलीम दोन्ही स्त्रीलिंगी, तेव्हा 'ती चिलीम-टॉमाहॉक' म्हणावं. अनेकवचनातही रूप तेच, 'त्या चिलीम-टॉमाहॉक'.