आमच्या गरीब गावात गरोदर बायका आणि बाळांसाठी आमचं मंडळ दर महिन्याला मोफत शिबिर घेणार आहे. आणखी काय करता येईल?

शिबिरापासून सुरुवात करू नका. मी 2009 पासून आशा कार्यकर्ती आहे. गाव आणि वरचे दोन पाडे माझ्याकडे. शिबिरं खूप पाहिली. मंडप, सत्कार, डॉक्टरांपुढे रांग आणि जाताना प्रत्येकीच्या हातात लोहाच्या गोळ्यांच्या पट्ट्या. त्या पट्ट्यांचं घरी काय होतं ते सांगते.

पाड्यावर एक पहिलटकरीण होती. चौथ्या महिन्यापासून तिच्या गोळ्या मी स्वतः नेऊन देत होते, रजिस्टरला नव्वद गोळ्यांची नोंद. सातव्या महिन्यात तिची खालची पापणी ओढून पाहिली, तर आतून पांढरीफटक. सिस्टरकडे नेलं, हिमोग्लोबिन 6.8. "गोळ्या घेतेस ना?" तर "हो." दुसऱ्या दिवशी परत गेले. सासू पाण्याला गेली तशी पोरीने तांदळाच्या कणगीमागून पिशवी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. एका पट्टीतल्या तीन गोळ्या तेवढ्या फोडलेल्या, बाकी सगळ्या जशाच्या तशा. मळमळलं, संडासला काळं झालं म्हणून ती घाबरली होती. त्यात सासूबाईंनी सांगितलेलं, गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि सुटका अडते. मला वाईट वाटू नये म्हणून ती दर वेळी "घेते" म्हणायची.

हे मी मीटिंगमध्ये सांगितलं. तेव्हाच्या आमच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, "तुझं काम वाटपाचं. खायचं काम तिचं." सगळ्यांसमोर म्हणाल्या. मी गप्प बसले, ते अजून सलतं.

सातच्या खाली हिमोग्लोबिन म्हणून तिला मोठ्या दवाखान्यात पाठवलं, दोन पिशव्या रक्त चढलं. तारखेच्या आठ दिवस आधीच मी तिला तिथे नेऊन ठेवलं. बाळंतपणात वार पडल्यावर रक्त थांबेना. डॉक्टर आणि रक्त हाताशी होतं म्हणून वाचली. असा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो आणि आमच्या पाड्यावरून पावसाळ्यात तिथे पोचायलाच अडीच तास लागतात. अंगात रक्तच नसलेली बाई तेवढा वेळ काढणार कशी? आता बाई, तुम्हीच सांगा, खायचं काम एकट्या तिचं होतं का?

तेव्हापासून मी आधी सासूजवळ बसते. काळं होणारच, ते लोहामुळे, घाबरायचं नाही, हे गोळी देतानाच सांगते. रात्री जेवणानंतर घे, चहाबरोबर नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. आणि दर सोमवारी रिकाम्या पट्ट्या मोजते. जामखेडला 1970 पासून आरोळे डॉक्टर दांपत्याने गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवून उभं केलं, त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या. त्या सासूच्या ओट्यावर बसू शकत होत्या. शिबिरातला डॉक्टर दुपारी परत जातो.

तुमच्या मंडळाचं म्हणाल, तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असतेच. त्या दिवशी जीप करा, सगळ्यांना नेऊन आणा, सासवांनाही बसवा. मंडळातल्या पोरांनी आपापला रक्तगट तपासून यादी आशाकडे द्यावी. 102 किंवा 108 पोचायला उशीर झाला तर रात्री कोणाची गाडी निघेल, तेही आधीच ठरवा.

बाळांचं राहिलंच. बाळंतपणानंतर आशा 42 दिवसांपर्यंत घरी येते. ती खरंच येते का आणि बाळाचं वजन करते का, एवढं आधी बघा.

शिबिर अजिबात नको असं नाही. दात, डोळे, म्हाताऱ्यांचं बीपी यासाठी जरूर घ्या. आणि मी गोळ्यांचा एवढा आग्रह धरला तरी तुमच्या भागात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, असेल तर आधी ती तपासणी करून घ्या. अशा बाईला लोह द्यायचं की नाही ते डॉक्टरच ठरवतील.