बैर-शेबा : सात की शपथ?

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

बायबलमधल्या बैर-शेबा या गावाच्या नावाचा अर्थ 'सात विहिरी' असा तू टिपून ठेवला आहेस. तो खोडून टाक. 'बेएर' हे एकवचन आहे, म्हणजे एकच विहीर, आणि तीही खणलेली. जिवंत झऱ्याला हिब्रूत 'एन' म्हणतात, जसे एन-गेदी. वर्षाला जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या नेगेवमध्ये, म्हणजे हे गाव दक्षिण इस्राएलच्या ज्या वाळवंटी भागात आहे तिथे, विहीर कोणी खणली यावरून भांडण होणारच, आणि या नावामागे तेच भांडण आहे.

आता 'शेबा'. मराठी किंवा इंग्रजी उच्चारावरून अर्थ लावायला बसू नकोस, आधी हिब्रू अक्षरे लिही : शीन, बेथ, आयिन. शबाच्या राणीचे 'शबा' कानाला जवळचे वाटते, पण त्यात शेवटी आलेफ आहे. तो शब्दच निराळा. दावीद राजाची बायको बथशेबा, तिच्या नावातला 'शेबा' मात्र इथलाच. देवनागरीत आयिन आणि आलेफ दोन्ही बुडतात, म्हणून ही चूक चांगले वाचकही करतात.

शीन-बेथ-आयिन ही तीन अक्षरे 'सात' या संख्येची आणि 'शपथ घेणे' या क्रियापदाचीही. बायबलच्या पहिल्या पुस्तकातले, उत्पत्ती 21:25 ते 31 सलग वाच, एकटे वचन उचलू नकोस. अबीमलेख राजाच्या चाकरांनी अब्राहामाची विहीर बळकावली होती. अब्राहाम सात मादी कोकरे वेगळी काढतो आणि 'ही विहीर मी खणली' याची साक्ष म्हणून त्याला घ्यायला लावतो. 30व्या वचनापर्यंत कान 'सात' ऐकत असतो आणि 31वे वचन नावाचे कारण सांगते ते शपथेचे. लेखकाने दोन्ही अर्थ मुद्दाम जवळ आणले आहेत, त्यामुळे एक निवडून दुसरा टाकलास तर त्या उताऱ्याची वीणच उसवते. सप्तपदी आठवेल. आठवू दे, पण ती पुरावा म्हणून मांडू नकोस.

मग उत्पत्ती 26:26 ते 33 काढ. तिथे अब्राहामाचा मुलगा इसहाक अबीमलेख याच नावाच्या राजाशी शपथ घेतो, त्याच दिवशी चाकरांना पाणी लागते आणि विहिरीला तो 'शिबा' म्हणतो. एकाच नावाच्या या दोन कथा वहीत शेजारीशेजारी लिही, एकीत दुसरी मिसळू नकोस. सेप्टुआजिंट या हिब्रू बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतराने या दोन्ही ठिकाणी नावाचे भाषांतर करून 'शपथेची विहीर' असे लिहिले. 'दानापासून बैर-शेबापर्यंत' (उत्तरेच्या दान गावापासून दक्षिणेच्या बैर-शेबापर्यंत, म्हणजे सगळा देश) या शास्ते पुस्तकातल्या 20:1 मधल्या सीमावाचक प्रयोगात मात्र त्याच भाषांतराने नुसता उच्चार ठेवला.

अरबीत गावाचे नाव बीर अस-सबा. त्या भाषेत 'सबअ' म्हणजे सात आणि 'सबुअ' म्हणजे सिंह किंवा हिंस्र पशू, म्हणून 'सिंहाची विहीर' असाही अर्थ कानावर येईल. तो लोकव्युत्पत्तीच्या, म्हणजे लोकांनी उच्चारावरून जुळवलेल्या अर्थांच्या, रकान्यात टाक.

तेल बेएर-शेवा या जुन्या गावाच्या उत्खनन झालेल्या टेकाडाच्या वेशीबाहेरची सुमारे 69 मीटर खोल विहीर अब्राहामाची म्हणून दाखवतात. नावाच्या अर्थासाठी तिचा आधार घेऊ नकोस. खोलीवरून खणणाऱ्याचे नाव कळत नाही.

पुढच्या वेळी बथशेबाची नोंद याच रीतीने करून पाठव, अक्षरांसकट.

तुझा हितचिंतक