शिंजू म्हणजे हाराकिरी नव्हे

प्रश्न असा: 'जपानी गीतांत प्रेमिकांनी जोडीने जीव देण्याला शिंजू म्हणतात. ती हाराकिरीच ना? आणि तिच्यासाठी कोणती रूपकं वापरतात?'

हाराकिरी मुळीच नव्हे! फलंदाजानं विकेट फेकली की हाराकिरी, पक्षानं उमेदवार चुकवला की हाराकिरी. मराठी वर्तमानपत्रांनी या शब्दाचा पार चोथा केला आहे. 'हारा' म्हणजे पोट, 'किरी' म्हणजे कापणं. ती सामुराईंची रीत. आपल्याकडे हा शब्द एवढा रुजला तो त्यात 'हार' ऐकू येते म्हणून, असं माझं ठाम मत आहे.

'शिंजू'ची चिन्हं दोन: हृदय आणि आत. अंतरीचं खरं, एवढाच मूळ अर्थ. पुढे प्रेमाची साक्ष म्हणून केस कापून देणं, शपथपत्र लिहून देणं हीसुद्धा शिंजू झाली आणि शेवटी जोडीनं मरणं. नाटककार चिकामात्सुनं १७०३ मध्ये ओसाकातल्या खऱ्या घटनेवर 'सोनेझाकी शिंजू' हे बाहुलीनाट्य रचलं. अशा नाटकांची लाटच आली, तेव्हा १७२२-२३ मध्ये शोगुनच्या, म्हणजे लष्करी सत्ताधीशाच्या, सरकारनं त्यांवर बंदी घातली आणि कायद्यात 'आइताइजिनी', म्हणजे आपसांतलं मरण, हा कोरडा शब्द आणला. त्यात हृदय उरलं नाही. शिंजूची चिन्हं उलट क्रमानं एकाखाली एक लिहिली की 'स्वामिनिष्ठा' हे चिन्ह होतं. सरकारला तेच खुपलं असं सांगतात, आणि मला ते पटतं.

'सोनेझाकी शिंजू'त शामिसेन या तीन तारांच्या वाद्याच्या साथीनं गायला जाणारा अखेरच्या वाटचालीचा भाग म्हणजे 'मिचियुकी'. तिथे ते दोघे प्रेमिक म्हणजे स्मशानवाटेवरचं गोठलेलं दव, पावलागणिक विरणारं. पहाटेच्या सात टोल्यांपैकी सहा झालेत, उरलेला एक या जन्मातला शेवटचा. आणि घंटेच्या नादात शब्द कोणते? 'जाकुमेत्सु इराकु'! ही तर आपलीच पाली गाथा: 'अनिच्चा वत संखारा', संस्कार अनित्य आहेत. तिचा शेवटचा चरण 'तेसं वूपसमो सुखो', म्हणजे त्यांचं शमणं हेच सुख, चिनीमार्गे जपानला पोचला. महाराष्ट्रातल्या बौद्ध कुटुंबांत अंत्यविधीला ती आजही म्हणतात.

या चरणाचा अर्थ 'मरणातच सुख' असा देणाऱ्या टीकाकारांनी मूळ गाथा उघडून पाहिलेली दिसत नाही. वूपसम म्हणजे शमणं, आणि शमायचे आहेत ते संस्कार, म्हणजे कारणांतून घडलेलं, नाशवंत असं सारं. जीव द्या, असं त्यात कुठेही नाही. त्या दोघांना घंटेत तसं ऐकू आलं असेल, पण ती नाटकातल्या पात्रांची व्यथा आहे. गाथेच्या माथी ती मारू नये.