बुशेचं खेडं बघताना

रोकोको, म्हणजे अठराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या नाजूक, सजावटी शैलीच्या चित्रांपासून सुरुवात करताय, तर आधी एकाच चित्रासमोर पंधरा मिनिटं थांबा. माझं मत विचाराल तर लंडनच्या वॉलेस कलेक्शन या संग्रहालयातलं फ्रेंच चित्रकार फ्राँस्वा बुशेचं १७४९ सालचं शरद ऋतूचं चित्र घ्या. तिथे कायमचा संग्रह बघायला तिकीट नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पुन्हाही जाता येतं.

एक धनगर मुलगा, एक मुलगी, दोघांत द्राक्षांचा घोस. नवशिका इथे हमखास चुकतो आणि म्हणतो, "हे कसलं खेडं? एवढे स्वच्छ पाय, रेशमासारखे कपडे!" मीही सुरुवातीला असंच म्हणून पुढे निघून गेलो होतो. पण बुशेला शेतकऱ्याचे हाल दाखवायचेच नव्हते. हा प्रसंग रंगमंचावरून आला आहे, फ्रेंच नाटककार फावारच्या १७४५ च्या एका मूकनाट्यातून. बुशे स्वतः ऑपेरासाठी नेपथ्य करायचा. हे कळलं की मागची झाडं पडद्यासारखी का वाटतात ते आपोआप उमगतं. आता चेहरे सोडा, हात बघा. घोस कोण देतंय, कोण घेतंय, नजर कुठे आहे. सगळी गोष्ट तिथे आहे.

जोडीचं ग्रीष्माचं चित्रही त्याच संग्रहात आहे, त्यातला मुलगा मशकवाद्य वाजवतो. पुढे फ्रान्समधल्या व्हँसेनच्या चिनीमातीच्या कारखान्यात याच द्राक्षं खाणाऱ्या जोडीच्या मूर्ती झाल्या. त्याही जरूर शोधा.

आणि फोटो शेवटी काढा. आधी डोळे भरून बघा.